बेट्टीचं गाणं आमच्या घरी

जोॲनाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "आँटी, मम्मी गेली," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. मनात पहिली आली ती भीती. आता ते गाणं वाजवायचं माझ्यावर आहे, आणि ते कुणाला कसं सांगायचं?

गाणं होतं स्टॅनलीचं, बेट्टीच्या मोठ्या भावाचं. स्टॅनली दिवसा माझगावच्या गोदीत काम करायचा आणि संध्याकाळी मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाने त्याला ती रेकॉर्ड दिली होती. लांब केसांच्या इंग्रज पोरांचं रॉक गाणं. त्यात एक माणूस बोटवाल्याला सांगत असतो, अजून सोडू नकोस, एक जण यायचा आहे. एवढंच, पुन्हा पुन्हा. आणि मग गिटार असा काही आकांत करते की पहिल्यांदा ऐकून माझे वडील आतल्या खोलीतून धावत आले. "कुणाला लागलं का गं?" त्यांनी विचारलं. बेट्टी हसता हसता जमिनीवर बसली.

आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. गिरगावात त्यांची वाडी आणि आमचं घर यांच्यात एक भिंत होती. त्यांच्याकडे रेकॉर्ड लावायला काही नव्हतं. आमच्याकडे वडिलांचा रेडिओग्राम होता. म्हणून स्टॅनलीची रेकॉर्ड आमच्याकडेच असायची.

त्या वर्षी नाताळात वांद्र्याला नाच होता. स्टॅनलीच्या बँडने शेवटी हेच गाणं वाजवलं. परत येताना माहीमजवळ त्याची मोटारसायकल घसरली. बेट्टीच्या मम्माने डोक्यात घेतलं की गाण्यानेच त्याला नेलं. "रोज ओरडायचा ना, बोट थांबव, बोट थांबव? थांबली बोट," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. वाडीत कुणाच्या रेडिओवर ते लागलं की ती खिडक्या लावून घ्यायची. बेट्टीचं लग्न झालं तरी तिने मम्माला सोडलं नाही. नवराच तिकडे राहायला आला. मम्मा नव्वदीपर्यंत जगली. त्या घरात ते गाणं पुन्हा कधी वाजलं नाही.

वाजलं ते आमच्याकडे; लग्नानंतरही मी वडिलांच्याच घरात राहिले होते. बेट्टी वाटीत काहीतरी झाकून घेऊन यायची, कधी त्यांच्याकडचा बाटलीत भरून ठेवलेला मसाला, कधी तळलेले बोंबील, आणि वाटी टेबलावर ठेवायच्या आधी म्हणायची, "लाव गं." ती गायची. मी खिडक्या लावून घ्यायचे आणि दोन पळ्यांनी टेबलावर ठेका धरायचे. माझ्या यजमानांना, गुरुदत्तना, नाट्यसंगीताचं वेड. ते चप्पल घालून निघायचे. "चालू द्या तुमचं. बोट सुटली की कुणीतरी हाक मारा, मी कोपऱ्यावर आहे."

जोॲनाच्या वेळी सातवा महिना असताना बेट्टी पोटावर हात ठेवून गायली होती. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा ती गायली नाही, नुसती ऐकत बसली. गुरुदत्त गेले, तेराव्याला सगळे पांगल्यावर ती आली, दार लोटून घेतलं आणि मला न विचारता कॅसेट लावली. रेकॉर्ड तोवर झिजून गेली होती. मी म्हटलं, "आज नको गं, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोक गेले जेवून. पळ्या घे." मी घेतल्या.

पुढे माझ्या नातीने, नूपुरने, ते माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलं. ते ऐकून बेट्टीचं तोंड वाकडं झालं. "यातली खरखर कुठे गेली? कुणी धुऊन काढलं हे?"

मम्मा गेल्यावर मी तिला एकदा म्हटलं होतं, आता तुझ्या घरी लाव की. ती म्हणाली, "नाही जमत गं. तिथे मी वेगळीच असते."

आजारपणात ती हॉस्पिटलात होती. तोंडाला कोरड पडायची, मी चमच्याने पाणी घालत होते. म्हणाली, "सुमे, माती टाकायच्या आधी ते वाजव."

"कुठली माती? गप्प बस."

"चर्चमध्ये नको, फादर उठून जाईल. सिमेट्रीत. आधी वाजव, मग टाकू दे सगळ्यांना."

"जोॲनाला सांगून ठेव ना."

"तिला काय सांगू? की तुझी मम्मी जन्मभर शेजारी चोरून गायला जात होती?"

"मग तुमच्या चर्चमधल्या बायकांपैकी कुणाला तरी सांग."

"त्यांना? रविवारी चर्च भरायच्या आधी फादरच्या कानावर जाईल. तू आमच्यातली नाहीस, म्हणून तर तुला सांगते." आणि तिने माझा हात दाबला. फार शहाणपणाचं काहीतरी केल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं. 'हो' म्हणाले मी.

मयताच्या दिवशी तिच्या घरी गेले तेव्हा ती हॉलमध्ये पेटीत होती. निळा रेशमी झगा, हातात जपमाळ. बायका प्रार्थना म्हणत होत्या. मी भिंतीला लागून उभी राहिले. कधी बसायचं, कधी उभं राहायचं, हे मला इतक्या वर्षांतही कळलेलं नाही. जोॲना स्वयंपाकघरात गेली तशी मी मागे गेले आणि सांगितलं.

ती कॅनडाहून तीन आठवड्यांपूर्वी आली होती. डोळे सुजलेले. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझे दोन्ही हात धरले.

"आँटी, तुम्ही मम्मीच्या बेस्ट फ्रेंड. पण हे तुम्हाला नक्की आठवतंय ना? मम्मीला ते गाणं अजिबात आवडायचं नाही. मी शाळेत असताना रेडिओवर लागलं, तर तिने उठून बंद केलं होतं. मला ओरडली होती."

"तुझी आजी घरात होती म्हणून बंद केलं असेल गं."

"तेव्हा घरी आम्ही दोघीच होतो."

 "आमच्याकडे यायची ती ऐकायला," मी म्हटलं. "गायची. मी ठेका धरायचे." सांगताना माझं मलाच ते कुणा पोरकट म्हातारीचं बोलणं वाटलं.

"मम्मी गायची?" जोॲना कसंनुसं हसली. "आँटी, मम्मी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायची." मग हळूच म्हणाली, "शेवटी शेवटी तिला औषधांचा फार अंमल असायचा. ती काहीही बोलायची. मला नर्स समजायची. प्लीज, आज नको. सगळे लोक आहेत."

बाहेर झेवियर ट्रम्पेट पुसत बसला होता. तो स्टॅनलीच्या बँडमधला. आता मयताला दोघातिघांना घेऊन वाजवतो. मला वाटलं, हा तरी सांगेल.

"ते गाणं? ते स्टॅनलीचं," तो म्हणाला. "बेट्टीचं कधीपासून झालं?"

"माझ्यासमोर गायची रे."

"असेल. तू खोटं कशाला बोलशील?" त्याने खाली मान घालून ट्रम्पेटवर फडकं फिरवलं. "वाजवेन मी, सुमती. अजून येतं मला. पण पोरगी नको म्हणाली ना? मग मी कोण? आणि तू तरी कोण, राग नको मानू."

राग कसला मानायचा? तो खरंच विचारत होता.

शिवडीच्या सिमेट्रीत ऊन तापलं होतं. झेवियरने चर्चमधलं एक संथ गाणं वाजवलं, सगळ्यांनी त्यात सूर मिसळला. फादरने प्रार्थना म्हटली. पेटी खाली सोडली. माती टाकायला रांग लागली तसा मी पर्समधून मोबाइल काढला. चष्मा लावला. गाणं समोर होतं, बोट टेकवलं की झालं. फार तर लोक माझ्याकडे बघतील, जोॲना रागावेल. मी कुणाची पर्वा करायला नको होती. पण तिने मघाशी माझे हात धरले होते, आणि आईच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीला मी काय म्हणून धक्का देणार होते? बेट्टीला दिलेला शब्द एकीकडे, बेट्टीचीच मुलगी दुसरीकडे.

मागची बाई माझ्या खांद्याला हात लावून हलकेच म्हणाली, "आँटी, मोबाइल सायलेंट करा हं."

आणि मी केला. शाळेत बाईंनी सांगितल्यासारखा लगेच. रांग पुढे सरकली. जोॲनाने माझ्या ओंजळीत माती दिली. मी थोडी थांबले. मागे लोक होते, उन्हात म्हातारी माणसं ताटकळत होती. मी माती टाकली. तिचा पेटीवर आवाज झाला. मग मागच्या बाईने टाकली.

जोॲना परत गेली. काही दिवसांनी दुपारी तिचा मेसेज आला. 'आँटी, ते गाणं कुठलं होतं? पाठवाल?'  पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या. गाणं संपायला लागतो तेवढा वेळ मी फोन हातात घेऊन बसले. मग उत्तर आलं. 'ऐकलं आँटी. छान आहे. पण यात मम्मी कुठेच वाटली नाही.'

बरोबरच होतं तिचं. त्यात बेट्टी नव्हतीच. ती होती माझ्या टेबलाशी उभी, बोंबलाची वाटी हातात, सूर थोडा खाली. तो आवाज मी कधी भरून ठेवला नाही. येता-जाता घरात येणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं?

मी लिहिलं, 'तू तिला गाताना ऐकलं नाहीस.' खोडलं. लिहिलं, 'ती माझ्याकडे वेगळी होती.' हे वाचून त्या मुलीला काय वाटेल, म्हणून तेही खोडलं. तेवढ्यात वर दिसलं, जोॲना टाइप करतेय. मी थांबले. बराच वेळ तसं दिसत राहिलं. मग तेही गेलं.