कोरड्या बारवेतलं दप्तर

नवा जिल्हा झाला आणि जुन्या कचेरीतले कागद ट्रकनं लातूरला न्यायचे ठरले. दुष्काळाचं साल. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं मीच ट्रकमध्ये रचली. मी सहा वर्षं रोजंदारीवर असलेला शिपाई.

निघायच्या आदल्या दिवशी अव्वल कारकून रेणुकादास यांनी मला चहा पाजला. त्यांच्याच कपबशीत. असा मान आमच्यातल्या माणसाला त्यांनी कधी दिला नव्हता. मग म्हणाले, वाटेत एखादं दप्तर पडतं. जुनी कचेरी म्हणते पाठवलं, नवी म्हणते आलं नाही. कुणी तुरुंगात जात नाही. तुझ्या कायम नोकरीचं मी बघतो.

त्यांनी बोट दाखवलं त्या दप्तरात सरजाबाईची फाईल होती. सरजाबाई जळकोटकडची, माझ्या आईच्या गावची, रांडमुंड. मी तिला मावशी म्हणायचो. सगळ्या शिवारात तिच्याच विहिरीला पाणी होतं आणि ते शेजारच्या व्यंकटरावला पाहिजे होतं, म्हणून त्यानं तिच्या रानावरच दावा लावला होता. रान तिचं असल्याचा पुरावा एकच, निजामाच्या काळातला उर्दू कागद. तो फाईलला लावायला मीच सांगितलं होतं. घरी वाळवी खाईल, सरकारात सुखरूप राहील म्हणालो होतो. तेव्हा खरंच तसं वाटत होतं. तिनं नक्कलसुद्धा ठेवली नाही.

मुरूडच्या अलीकडे ड्रायव्हर लघवीला उतरला. रस्त्याकडेला पायऱ्या ढासळलेली बारव होती. मी दप्तर आत टाकलं. पाणी नव्हतं, म्हणून आवाज झाला. माणूस पडल्यासारखा.

तीन महिन्यांनी सरजाबाई लातूरला आली. रेणुकादास आणि मी आता तिथल्याच कचेरीत होतो. फाईल इकडे आलीच नाही, असं रेणुकादास यांनी गोड बोलून सांगितलं. ती घाबरली नाही. माझ्याकडे बघून हसली.

"आपला लिंबाजी हाय की हितं. त्यो हुडकील."

मी हुडकलं. दोन दिवस तिच्यादेखत एकेक दप्तर सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. ती दाराशी बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पिशवीतून बाटली काढली. शहरात आठ दिवस नळ नव्हता.

"आपल्या हिरीचं हाय. लई धूळ खाल्लीस लेकरा. पी."

बारवेतलं दप्तर अजून कोरडं होतं. एक दोर आणि अर्ध्या दिवसाची रजा, एवढंच लागत होतं. हे मला माहीत होतं. माझ्या नोकरीचा कागद रेणुकादास यांच्या खणात होता, सहीवाचून, हेही माहीत होतं.

मी पाणी प्यालो. गोड होतं.

"सापडंना मावशी."

तिनं बाटलीचं बूच लावलं. उरलेलं पाणी माझ्यापाशीच ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. आपला माणूस होता म्हणून येवढं तरी हुडकलं. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं."

ती गेली. आठवड्यात सही झाली. व्यंकटरावनं विहिरीवर मोटार बसवली, तेव्हा पावसाळा पाच महिने लांब होता. पाच महिने दप्तर बारवेत कोरडं पडून होतं. मी गेलो नाही.