खणातला जुना जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. घाबरू नका, चावणार नाही. मी प्लास्टरचा आहे. लॅबमधल्या कारागिराने एका मुलीच्या दातांचे माप घेऊन मला घडवले. खालचा भाग पुढे, वरचा मागे, आणि समोरचे दात एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. हुबेहूब तिच्यासारखा!

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी माझ्या जुळ्या भावाला, म्हणजे त्याच मापाच्या दुसऱ्या प्लास्टरच्या जबड्याला, कापून, सरकवून नवा जबडा कुठे बसेल ते ठरवले. मला मात्र अखंड ठेवले. "काय सुबक काम आहे!" असे ते म्हणाले, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. मग मुलीचा जबडा बदलला आणि माझे काम संपले. तिने मला डॉक्टरांकडून मागून घेतले, घरी आणले आणि बैठकीतल्या टेबलाच्या खणात ठेवले. तो खण कधीच नीट बंद होत नसे, त्यामुळे फटीतून मला सगळे दिसे.

सहा आठवडे तिचे दात रबरांनी बांधलेले होते. आई सगळे मिक्सरमधून काढून देई. पुढे ती सफरचंद कराकरा चावू लागली, तोंडावर हात न धरता हसू लागली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'चावता येते का', 'चारचौघांत हसता येते का' असे विचारले होते. सगळीकडे तिने 'हो' लिहिले. आरशातल्या मुलीची ओळख पटते का, हे कुणी विचारलेच नव्हते. ती रोज खण उघडून माझ्या वेड्यावाकड्या दातांवरून बोट फिरवी. दिवसभरात तेवढीच मला सोबत.

एके दिवशी ती कामावरून परतली, तर भिंतीवरचे तिचे सगळे फोटो गायब! नुसते खिळे उरलेले.

"बाबा, माझे फोटो कुठे गेले?"

"काढले गं. म्हटलं, बघून तुला वाईट वाटायला नको. आता छान नवे लावू."

"तुम्ही तर म्हणायचात, आमची पोर देखणी आहे."

तिने मला खणातून उचलून बाबांच्या तळहातावर ठेवले.

"याच तोंडानं इतकी वर्षं तुम्हाला हाक मारली, बाबा. तेव्हा लाज वाटायची का माझी?"

बाबांनी घाईघाईने कपाटावरून फोटोंचा खोका उतरवला. पण तोवर ती खोलीत जाऊन दार लावून बसली होती.

मित्रांनो, नव्या चेहऱ्याचे कौतुक जरूर करा. पण जुनाही आपल्याला आवडत होता, हे सांगायला विसरू नका, आणि वेळेवर सांगा. बाबा मला हातात धरून कधीचे तिच्या बंद दाराशी उभे आहेत. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि मला तर तोंड असून बोलता येत नाही.