जड घावाची वाट

मी लोखंडी खलबत्ता. कुटून कुटून माझा तळ गुळगुळीत झाला आहे. थकलो आहे, म्हणून जे सांगायचं ते थोडक्यात सांगतो.

कमलम्मा लग्न होऊन सोलापूरला आली, तेव्हा माहेरून मला घेऊन आली. त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं, हे माझं काम. तिचा एक घाव पडला की फळीवरच्या वाट्या वाजायच्या. माणसाची ताकद मला घावावरून कळते.

मग ती मोठी साथ आली. गल्लीत घरोघरी माणसं आजारी पडली, कमलम्माला काही झालं नाही. ती रोज माझ्यात आलं, मिरे, सुंठ कुटून काढा प्यायची. श्रेय मला मिळालं. तेव्हापासून रोज सकाळी ती माझ्या पोटावर विभूतीचे तीन पट्टे ओढते. मला संकोच वाटतो, पण लोखंड बोलणार कसं?

गेल्या हिवाळ्यात फ्लूने तिला गाठलं. नऊ दिवस दवाखान्यात होती. परत आली, तरी मला दोष दिला नाही, सुंठ वाढवली. कफ होतो म्हणून दही सोडलं, शेंगाचटणी बंद केली. दिवसातून चार वेळा काढा. भाकरी आधी अर्धी झाली, मग चतकोर.

यंदा थंडीच्या तोंडावर सून महेश्वरी म्हणाली, "अव्वा, दवाखान्यात फ्लूची लस आलीय. उद्या जाऊ की."

"मला कशाला सुई? माझा देव हाय की हितं."

"मग गेल्या हिवाळ्यात देव सुट्टीवर गेला होता व्हय?"

"लई बोलू नको. दूध उतू चाललंय, तिकडं बघ."

तीन दिवसांनी सकाळी कमलम्मा आलं कुटत होती. पूर्वी वीस घावांत व्हायचं, त्या दिवशी साठ झाले तरी आलं अख्खंच. भाकरी थापता थापता महेश्वरी थांबली.

"अव्वा, तुमचा आवाज कुटं गेला?"

"हाय की."

"तोंडाचा नव्हं, बत्त्याचा."

तिने पिठाच्या हातानेच बत्ता घेतला आणि एक घाव घातला. फळीवरच्या वाट्या वाजल्या. कमलम्मा वाट्यांकडे बघत राहिली, मग स्वतःच्या मनगटाकडे. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

"काल रात्री जेवला काय?"

"काढा घेतला की."

"आन् परवा?"

कमलम्माने बांगडी ओढून परत मनगटावर आणली. मग म्हणाली, "माझं नवं लुगडं काढ. दवाखान्यात जुनेरं नेसून जाऊ काय?"

तिथलं बोलणं मला दोघींच्या तोंडून कळलं. डॉक्टर दाक्षायणी म्हणाल्या, वय झालं की अंगाची लढायची ताकद कमी होते. त्या ताकदीला डाळ, दाणे, दही लागतं, झोप लागते, थोडं चालणं लागतं. लस दरवर्षी घ्यायची. आजार मुळीच होणार नाही असं नाही, पण झाला तरी जिवावर बेतण्याची भीती कमी होते. काढ्याने घसा शेकतो, आवडत असेल तर थोडा प्या. जेवणाच्या जागी नको, लशीच्या जागी तर नकोच.

दंड दुखतो म्हणून कमलम्माने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. आज सकाळी मात्र पट्टे ओढले नाहीत. ओल्या फडक्याने मला पुसलं आणि मूठभर भाजलेले दाणे टाकले. दहा घाव घातले, दम लागला. उरलेले महेश्वरीने घातले. चटणी जाडसर राहिली. त्या चटणीशी कमलम्माने अर्धी भाकरी खाल्ली, वर वाटीभर दही.

बाबांनो, मला चटणी कुटू द्या, काढाही कुटू द्या; पण एखाद्या म्हाताऱ्या जिवाची सगळी राखण माझ्यावर टाकू नका. तेवढं बळ माझ्यात कधीच नव्हतं. आता मी इथे कोपऱ्यात बसून एवढीच वाट बघतो, की एक दिवस तिचा घाव माझ्या तळाला लागावा आणि फळीवरच्या वाट्या वाजाव्यात.