डेअरीच्या हातगाड्याने काढलेला पिच्चर

मित्रांनो, लिंबागणेशच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची दूध सोसायटी आहे. तिच्या ओट्यावर भिंतीला टेकून एक निळा हातगाडा उभा असतो. रंग उडालेला, पुढचे एक चाक तिरपे. तोच मी. वय झाले आहे माझे, पण मी एका सिनेमात काम केले आहे. तुम्हांला वाटेल, गाडा काय काम करणार? तेच सांगतो.

गेवराईच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. सोसायटीत आलो तेव्हा अध्यक्ष आश्रुबांनी माझ्यापुढे नारळ फोडला. रोज पहाटे दुधाने भरलेले कॅन माझ्यावर चढायचे. ओट्यापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार आहे. त्यावरून मी ते दुधाच्या गाडीपर्यंत न्यायचो, थेंबही सांडायचा नाही. दसऱ्याला वजनकाट्याबरोबर मलाही झेंडूची माळ मिळे. आश्रुबा जाता-येता माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, सोसायटीचा खरा बैल हाच.

मग लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. जनावरे चारा छावणीत गेली, त्यांच्यामागे निम्मे गाव गेले. दूध आटले, कॅन पालथे पडले, सोसायटीच्या हॉलला कुलूप लागले. तिरप्या चाकाकडे कुणी बघेना. कोंबड्या माझ्यावर अंडी घालू लागल्या. ते ओझे हलके होते, पण चाके असणाऱ्याला नुसते उभे राहणे फार जड जाते.

अशा एका मे महिन्यात पाटोद्याचे मोहनराव सर एक कॅमेरा घेऊन आले. आसपासच्या गावांतल्या मुलांचे शिबिर भरवायचे, मुलांनीच सिनेमा काढायचा, असा त्यांचा बेत होता. हॉल रिकामाच होता. आश्रुबांनी किल्ली दिली, पण बोलून दिली.

“प्यायला पानी न्हाई अन् तुमाला पिच्चर सुचायलाय. पिच्चरनं घागर भरती का सर?”

सरांनी हसून कुलूप उघडले.

पहिल्या दिवशी मुले आपापल्या गावाप्रमाणे, वस्तीप्रमाणे वेगवेगळी बसली. पण सिनेमाचे काम एकट्याने होत नाही. कुणी आरसा धरून उजेड पाडायचा, कुणी रस्त्यावरची वाहने थांबवायची, कुणी गोष्ट लिहायची. दोन-तीन दिवसांत भाकरीच्या फडक्यांची अशी सरमिसळ झाली की कुणाचा ठेचा कुणाच्या भाकरीवर आहे ते कळेना. बौद्धवाड्यातल्या संघमित्राचा हात स्थिर, म्हणून कॅमेरा तिच्याकडे आला. दिग्दर्शन केशरकडे आले, कारण गोष्ट तिची होती.

गोष्ट घागरींची होती. आमच्याकडे टँकरसाठी माणसे उन्हात उभी राहत नाहीत, घागरी उभ्या राहतात. प्रत्येक घराची एक घागर डेअरीसमोर रस्त्याकडेला रांगेत लावायची. तिला कुणी हात लावत नाही, कुणी मागे सारत नाही. त्या रांगेत शेवटी एक चेपलेली घागर असे, दगडाबाईंची. तिची मुले जनावरांबरोबर छावणीत, म्हातारी घरात एकटी, टँकरपर्यंत येणे तिला जमत नसे. तरी घागर दर वेळी भरलेली सापडे. कोण भरतो? केशरने घरोघरी विचारले. जो तो म्हणे, शेजारचे भरत असतील. केशरला सिनेमाचा शेवट तोच हवा होता. टँकर येतो, माणसे धावतात आणि चेपलेली घागर भरते.

चालता कॅमेरा पाहिजे होता आणि त्यासाठी गाडी हवी होती. मुलांची नजर माझ्यावर गेली. मित्रांनो, कोंबड्यांना हाकलून मला बाहेर काढले तेव्हा मला नवे झाल्यासारखे वाटले! केशरची आजी छबुबाई करडईचे तेल घेऊन आली. चाकात तेल सोडत म्हणाली, “लई कुरकुरायलाय. माझ्यावानीच गुडघे गेलेत ह्याचे.” मग माझ्यावर एक कॅन पालथा ठेवला आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्यावर कॅमेरा बांधला.

टँकरचा नेम नसे. तो आला तो शिबिराच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी. पुढच्या खेपेला कॅमेरा पाटोद्याला परत गेलेला असणार होता. म्हणजे संधी एकच. सरांनी पुन्हा पुन्हा बजावले होते की टँकर आला तरी कुणी जागा सोडायची नाही. मुलांनी तालीमही केली होती.

हॉर्न वाजला. संघमित्राने कॅमेरा चालू केला, माझ्या चाकाखालचा दगड काढला, आणि पळाली. केशर पळाली. आरसेवाला पळाला. टँकरचा हॉर्न ऐकून घागरीकडे न धावणारे मूल आमच्या भागात जन्मायचे आहे. सर तेवढे उरले होते, तर छबुबाईने त्यांच्या हातात कळशी दिली. “हुबं काय ऱ्हायलाव? धरा की.” तेही गेले.

मी एकटा उरलो. आणि हळूच निघालो. उतार मला पाठ होता. धावणारी माणसे, उडणारी धूळ, खणखणणाऱ्या कळश्या, या सगळ्यांतून मी चाललो. तिरपे चाक मला डावीकडे ओढत होते. त्यामुळे टँकरकडे न जाता मी रांगेच्या शेवटाला जाऊन थांबलो. समोर चेपलेली घागर.

तेवढ्यात कुणीतरी भरलेली बादली घेऊन आले. इकडेतिकडे पाहिले. घागर भरली. माझ्यावर पालथा कॅन, त्याला बांधलेले फडके, ते त्यांना नेहमीचेच सामान वाटले. सवयीने माझ्या पाठीवर एक थाप मारून ते निघून गेले.

केशरला घागर भरल्यावर आठवण झाली. ओट्यावर मी नाही हे पाहून तिचा चेहरा उतरला. संघमित्रा तर रडायलाच लागली. “माझ्यामुळं गेला गं पिच्चर.” मी सापडलो तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. दोघींनी उन्हाला ओढणी आडवी धरून चित्रण पाहिले, आणि बराच वेळ एकमेकींचा हात सोडला नाही. मग त्या आश्रुबांच्या घरी जाऊन आल्या. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण ते नाही म्हणाले नाहीत एवढे खरे.

दिवेलागणीनंतर डेअरीच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा लागला. दगडाबाईंना पोरांनी माझ्यावरच बसवून आणले होते. स्वतःला पळताना पाहून गाव पोट धरून हसले. मग भिंतीवर चेपलेली घागर आली आणि बादली ओतणारे आश्रुबा आले. हसणे थांबले. सोसायटीच्या निवडणुकीपासून आश्रुबा आणि दगडाबाई यांच्या घरांत अबोला होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

दगडाबाई म्हणाल्या, “आश्रुबा, तू व्हय रे?”

आश्रुबा खाली बघत म्हणाले, “पानी हाय ते, वैनी. त्याला कुठं मतदान असतंय.”

मग दगडाबाईंनीच सांगितले, “पोरीहो, पुन्हा लावा ते.” गावाने तो सिनेमा तीनदा पाहिला. शेवटी आश्रुबांनी हॉलची किल्ली केशरच्या हातात दिली. परत मागितली नाही.

पुढे पाऊस झाला, गाई परत आल्या. सकाळी मी पुन्हा दूध वाहतो. आणि दर मे महिन्यात शिबिर भरते. संघमित्रा आता पुण्यात कॅमेऱ्याचे काम करते, तरी मुलांना शिकवायला येतेच. केशर येते, तेव्हाची सगळीच पोरे जमेल तशी येतात. तो सिनेमा दर वेळी लागतो. घागर भरल्यावर चित्र किंचित हलते, तिथे मुले विचारतात, हे कसे हलले? मित्रांनो, ती माझ्या पाठीवरची थाप आहे.

तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात उभे असेल. त्याला बोटभर तेल द्या, काम द्या. आणि शिबिराला आलात तर माझ्या चाकाखाली दगड लावायला विसरू नका. विसरलात तरी घाबरू नका. उतार मला पाठ आहे.