एकसष्टवर थांबलेला काटा

ज्या दिवशी कपाट उघडले, त्या दिवशी खालच्या फळीवर अकरा वस्तू होत्या. बीपीच्या मशीनचा फाटलेला पट्टा एक, हवा भरायचे रबरी फुगे दोन, स्पिरिटच्या रिकाम्या बाटल्या तीन, कापसाचे पिवळे पडलेले पुडे तीन, बंद पडलेला वजनकाटा एक. अकरावा मी.

मित्रांनो, हाताची पकड किती किलोची आहे हे मोजणारे मी एक जुने यंत्र आहे. खरेदीच्या कागदावर माझे नाव डायनॅमोमीटर असे होते. कामगारांना ते लांब वाटले. त्यांनी मला पंजा म्हणायला सुरुवात केली, आणि मी पंजा झालो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. एक पोलादी चौकट, आत एक जाड स्प्रिंग, वर गोल तबकडी, तिच्यावर शून्य ते शंभर आकडे. तबकडीवर दोन काटे आहेत. काळा काटा मुठीबरोबर सरकतो आणि मूठ सैल झाली की शून्यावर परत येतो. लाल काट्याला काळा पुढे ढकलत नेतो, आणि जिथे नेऊन सोडतो तिथेच लाल काटा थांबतो. कुणी हाताने मागे आणेपर्यंत तो हलत नाही. माझ्या सगळ्या गोष्टीत हा लाल काटा लक्षात ठेवा.

मी इंदूरला आलो तो राऊच्या पुढे असलेल्या एका कारखान्यात. तिथे पत्र्याची पिंपे बनत. तपासणीची खोली फाटकाजवळ होती आणि ती सुधाकरजींच्या ताब्यात होती. सुधाकरजी कंपाउंडर. सुदामा नगरहून स्कूटरवर येत, आल्यावर आधी हात धूत, मग पेनाची रिफील तपासत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये एका बुधवारी सगळ्या कामगारांची तपासणी होई. वजन, बीपी, पकड. तिन्ही आकडे प्रत्येकाच्या कार्डावर लिहायचे.

खरे तर लोक माझ्यासाठीच येत. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा, त्याचे नाव खडूने शटरवर लिहिले जाई आणि पुढच्या तपासणीपर्यंत पुसले जात नसे. ज्याचा सगळ्यांत कमी, त्याला सहा महिने साबूदाणा म्हणत.

"भिया, जरा जोर लाव. पापड नाही आहे तो, तुटणार नाही."

"लावतो आहे ना यार. रात्रपाळी करून आलो आहे."

"रात्रपाळी पूर्ण टोळीने केली. सुधाकरजी, लिहा, बत्तीस. साबूदाणा."

शटरवर सलग पाच वेळा एकच नाव होते. भाऊराव. मोठे पत्रे उचलून प्रेसवर ठेवणाऱ्या टोळीचे ते पुढारी. पत्र्याची पुढची कडा नेहमी त्यांच्या हातात असे. त्यांचे आजोबा महूला पलटणीत होते, आणि ते सांगितल्याशिवाय भाऊराव मला कधी हातात घेत नसत. त्यांची मूठ मिटली की माझी चौकट कुरकुरे. दुसऱ्या कुणाच्या हातात ती कुरकुरली नाही. मला त्याचा अभिमान वाटे, हे मी लपवत नाही.

आता त्या चुकीबद्दल सांगतो. ती त्या एका खोलीतच होऊ शकत होती.

नियम असा होता की आधी पाच मिनिटे बसवायचे, मग बीपी घ्यायचे, आणि शेवटी पंजा. कारण मूठ जोरात आवळली की बीपी थोडा वेळ चढते. हे कुणाचेही चढते. पण लोकांना दम नव्हता. ते दारातूनच मला उचलत, आणि सुधाकरजी हसून उचलू देत. मग पट्टा बांधल्यावर आकडा जास्त आला की कामगार म्हणत, "आत्ता पंजा दाबून आलो ना, म्हणून." ही गोष्ट सुधाकरजींनीच त्यांना शिकवली होती. त्यामुळे ती खोटी ठरवणे त्यांना जड जाई. पुन्हा बसवून मोजायला हवे होते. पण रांग मोठी असे, आणि ज्याचे बीपी जास्त निघे त्याला पत्र्याच्या टोळीतून काढून पॅकिंगला बसवत. पॅकिंगला बसणे कुणालाच नको होते. भाऊरावांना तर मुळीच नाही.

सप्टेंबर २०१७, बुधवार. रांगेत सगळ्यांत शेवटी भाऊरावांनी मला उजव्या हातात घेतले. लाल काटा एकसष्टवर थांबला. बाहेर शिट्या वाजल्या. मग ते स्टुलावर बसले आणि सुधाकरजींनी पट्टा बांधला. एकदा हवा भरली. सोडली. पुन्हा भरली.

"भाऊराव, एकशे चौऱ्याऐंशी दाखवते आहे. खाली एकशे दहा. बसून घ्या जरा पाच मिनिट."

"अहो सुधाकरजी, एकसष्ट दाबून आलो आहे. चढणारच ना."

"मागच्या वेळी पण तुम्ही हेच म्हणालात."

"मागच्या वेळी पण दाबूनच आलो होतो. आता एवढी ताकद ज्याच्या अंगात, त्याला बीमारी कुठून शिरणार, तुम्हीच सांगा. तिकडे प्रेस थांबली आहे."

ते उठून गेले. सुधाकरजी थोडा वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी मार्चचा रकाना पाहिला, जिथे तेव्हाही आधीचाच आकडा उतरवला होता, आणि तोच पुढे उतरवला. एकशे तीस वर चौऱ्याऐंशी. मी टेबलावर होतो. मला वाचता येते, फक्त आकडेच वाचता येतात, आणि तो आकडा त्या दिवशी कुणीही मोजलेला नव्हता.

जानेवारीत एका सकाळी भाऊराव घरी चहा पीत होते. कप हातातून सुटला. त्यांच्या बायकोला, चंपाबाईंना, आधी वाटले की चहा गरम असेल. त्यांनी फडके आणले. मग त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला आहे. बीपी किती वर्षांचे आहे? चंपाबाईंनी तपासणीचे कार्ड दाखवले. त्यावर एकशे तीस वर चौऱ्याऐंशी होते, काळजीचे काहीच नव्हते. हे मी ऐकले ते खोलीत आलेल्या कामगारांकडून. ते सांगत असताना सुधाकरजी कपाटाकडे तोंड करून उभे होते.

त्या वर्षी मार्चची तपासणी झाली नाही. मला कुणी हात लावला नाही. लाल काटा तसाच राहिला.

आठ महिन्यांनी भाऊराव नोकरी सुटल्याच्या कागदांवर अंगठा लावायला आले. त्यांचा मुलगा पंचशील सोबत होता. भाऊरावांचे बोलणे अडकत होते, पण त्यांनी टेबलाकडे मान केली. सुधाकरजींना कळले. त्यांनी मला उचलून भाऊरावांच्या उजव्या हातात ठेवले आणि बोटे एकेक करून माझ्याभोवती मिटवली. आम्ही सगळे थांबलो. काळा काटा शून्यावर होता. लाल एकसष्टवर. दोन्ही आकडे एकाच हाताचे होते.

पंचशीलने मला हळूच काढून घेतले आणि टेबलावर ठेवले. संध्याकाळी सुधाकरजींनी मला कपाटात ठेवून कुलूप लावले. लाल काटा मागे आणायला अंगठा पुढे केला होता त्यांनी, मग तो काढून घेतला.

मित्रांनो, कपाटात मी साडेपाच वर्षे होतो. स्प्रिंग दाबलेली नसताना यंत्राला काही जाणवू नये, असे मला घडवणाऱ्यांनी ठरवले होते. मला जाणवत असे. दुपारी प्रेसचा धक्का जमिनीतून येई आणि माझी चौकट कुरकुरे. कुणीही धरलेले नसताना. मी काळा काटा पाही. शून्य. लाल पाही. एकसष्ट. मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा मोजत राहिलो. त्या मुठीचा जोर मला पूर्ण कळला होता. त्याच हातातल्या नळ्यांमधून रक्त कोणत्या दाबाने धावत होते, ते मला का कळले नाही? ते कळायला माझ्यात काहीच बसवलेले नाही, हे मला माहीत आहे. तरीही मी विचारत राहिलो. त्याच काळात कधीतरी खोलीत कुणी म्हणाले, भाऊराव गेले.

मार्च २०२४ मध्ये कारखान्यात नवीन डॉक्टर आल्या. डॉक्टर शमिका. त्यांनी कपाट उघडायला लावले आणि मला उजेडात धरले.

"हे किती दिवस असंच आहे? काटा अडकला आहे का?"

"अडकला नाही, मॅडम," सुधाकरजी म्हणाले. "कुणी मागे आणला नाही."

डॉक्टरांनी अंगठ्याने लाल काटा शून्यावर आणला. त्यांच्यासाठी ते एका सेकंदाचे काम होते. सुधाकरजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

डॉक्टरांनी क्रम बदलला. आधी बसणे, मग बीपी, आणि ते ठीक असेल तरच पंजा. लोक कुरकुरले, पण बसले. पंचशील आला तेव्हा अर्धी रांग झाली होती. तो चार वर्षांपासून पत्र्याच्या टोळीत होता. पुढची कडा आता त्याच्या हातात असे. एकतीस वर्षांचा, खांदे वडिलांसारखे. त्याने सरळ मला उचलले.

"पंजा आधी घ्या, काका. माझी घाई आहे."

"आधी बीपी," सुधाकरजी म्हणाले.

"बीपी काय करायचं? मी ठणठणीत आहे. सकाळपासून चाळीस पत्रे चढवले."

"बस, बेटा."

"पॅकिंगला पाठवायचं असेल तर सरळ बोला ना. हा ड्रामा कशाला?" तो हसत म्हणाला, पण मूठ सैल नव्हती. "बाबांचं तर बीपी नॉर्मल होतं काका. कार्डावर लिहिलं होतं. तरी झालं ना? मग मोजून फायदा काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. सुधाकरजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ते नॉर्मल नव्हतं," ते म्हणाले. "एकशे चौऱ्याऐंशी वर एकशे दहा होतं. मी मोजलं होतं. कार्डावर मी जुना आकडा उतरवला. पंजा दाबून आले म्हणून चढलं असेल, असं धरून चाललो. पुन्हा मोजलं नाही."

पंचशील त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याची बोटे माझ्यावर आवळली जात होती. काळा काटा दहावर गेला, वीसवर गेला.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"सहा वर्षं तुम्ही घरी येत राहिलात. चहा प्यायलात आमच्याकडे."

"हो."

काटा तिसाच्या पुढे गेला आणि मग हळूहळू मागे आला. पंचशीलने मला टेबलावर ठेवले. तो खुर्चीकडे गेला. पाठ टेकवली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, जसे डॉक्टरांनी दाखवले तसे. "लावा पट्टा," तो म्हणाला. "पण तुम्ही नाही. मॅडम लावतील."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. मूठ आवळली होती म्हणून त्यांनी पाचऐवजी पंधरा मिनिटे बसवायचे ठरवले. सुधाकरजी दाराशी उभे राहिले आणि रांगेला शांत करत राहिले.

मित्रांनो, ती पंधरा मिनिटे चालू असताना मी तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरी कुणी जड उचलत असेल, पत्रे, पोती, सिलेंडर, तर त्यांच्या दंडाकडे पाहून ते निरोगी आहेत असे ठरवू नका. माझ्या तबकडीकडे पाहूनही ठरवू नका. मी मुठीचा जोर सांगतो. त्याच्या पलीकडचे मला काही माहीत नाही, आणि माझ्यावर विश्वास ठेवून एक माणूस स्टुलावरून उठून गेला. त्यांना बसवा. थोडा वेळ बोलू देऊ नका. मग मोजा, आणि आकडा नको तसा आला तर दुसऱ्यांदा मोजा. जो आकडा येईल तोच लिहा.

डॉक्टरांनी पट्टा बांधला. डावा हात, टेबलावर टेकवलेला. पहिले माप, एकशे बहात्तर वर एकशे सहा. दोन मिनिटांनी दुसरे, एकशे अडुसष्ट वर एकशे चार. पंधरा मिनिटे बसूनही आकडा चढलेलाच होता, आणि डॉक्टरांनी दोन्ही मापे जशीच्या तशी कार्डावर लिहिली.