रोम ते इलोइलो, पंचवीस तास

अन्सेल्मोने दोऱ्याचं एक टोक पृथ्वीगोलावर रोमपाशी अंगठ्याने दाबलं, दुसरं मनिलापर्यंत ताणलं आणि दोरा पट्टीवर धरला. उत्तर कालचंच आलं: दहा हजार चारशे किलोमीटर. पुढे घरी, इलोइलोला यायचं छोटं विमान वेगळं.

"मानोंग, रोज काय मोजता?" शेजारचा तेबान पत्ते पिसत म्हणाला. वडीलधाऱ्यांना तिकडे मानोंग म्हणतात. "पृथ्वी धुतल्यावर आटते का?"

"चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय. तू गप पत्ते वाट."

अन्सेल्मोची बायको पुरे आठ दिवस बैठकीच्या खोलीत शवपेटीच्या काचेखाली निजली होती. लेक परदेशी असली की तिच्यासाठी थांबायचं आणि तोवर शेजाऱ्यांनी सोबतीला बसून कॉफी प्यायची, पत्ते कुटायचे, अशी रीत. तेबान ती मोठ्या निष्ठेने पाळत होता.

शव टिकवणाऱ्या माणसाने दुपारी सुई आवरली. "अजून दोन दिवस धकतील. तिसऱ्याची हमी नाही."

लेक जोव्हेलिन रोममध्ये एका म्हातारीची शुश्रूषा करायची. तिचे राहण्याचे कागद सरकारदरबारी अडकले होते. ते मिळण्याआधी देश सोडला तर परत आत घेणार नव्हते, आणि तिचा सहा वर्षांचा निको तिथल्या शाळेत होता.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"बाबा, विमानतळावर आहे. कागद गेले खड्ड्यात. निकोला मैत्रिणीकडे ठेवलंय. पंचवीस तास, उद्या दुपारी घरी."

अन्सेल्मोने बोटांवर तास मोजले. उद्याची दुपार दोन दिवसांत सहज बसत होती. त्याने दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आता कशाला येतेस?" तो म्हणाला. "काल पुरलं तिला."

तेबानच्या हातातले पत्ते थांबले. फोनमधून विमानतळावरची घोषणा आणि तिच्यामागून जोव्हेलिनचा आवाज आला.

"थांबतो म्हणाला होतात."

"औषध धरेना. ऊन फार आहे."

"मग कळवलं का नाही?"

"धीर झाला नाही, बाळ."

"कोणी उचललं आईला?"

याची तयारी त्याने केली नव्हती. समोर पत्त्यांना बसलेले जे शेजारी दिसले त्यांची नावं त्याने सांगितली. "पुढे तेबान आणि रुफो. मागे रुफोची दोन्ही भावंडं."

"तेबानकाका? त्यांची तर कंबर गेलीये."

"ऐकेचना. चर्चपासून दफनभूमीपर्यंत चालत नेलं. शाळेचा बँड होता." त्याने दोरा खाली ठेवला. "घरी जा. निकोची शाळा सुटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा बँड दारात येऊन उभा राहिला. अन्सेल्मोने कुणाला निरोप धाडला नव्हता. आत पेटीच्या पुढच्या कोपऱ्याशी तेबान होता, कमरेला जाड पट्टा आवळून.

"मानोंग, लेकीला सांगितलंत त्यात वाटेत पेटी कुठे खाली टेकवली होती का?"

"नाही."

"मग नाही टेकवायची," तेबान म्हणाला आणि वाकला.