ताईची सर्दी

बबी दुपारी झोपली की माझ्या वाट्याला पाऊण तास येतो. तेवढ्यात धुणं वाळत घालायचं, स्वतः आडवं व्हायचं, की गायचं? त्या एप्रिलात मी गायचं ठरवलं होतं.

ठरवलं म्हणजे ताईनंच ठरवलं. सुभद्राताई अमरावतीला, भाऊ वसंता अकोल्याला आणि मी नागपूरजवळच्या वाडीत, ट्रकांच्या गोदामांमागच्या एका खोलीत. आमच्या बाबांकडे ग्रामोफोनचा एक तवा होता. त्यावरचं एक गाणं ते पेटी घेऊन वस्तीत म्हणायचे. तवा फुटला, दोन वर्षांनी बाबा गेले. बुद्धपौर्णिमेला आईला ते गाणं तिघांनी मिळून ऐकवायचं होतं, पण तिघांना एका जागी येणं जमेना. वसंतानं युक्ती काढली. ताईनं पेटी वाजवून कॅसेट भरायची. वसंतानं ती एका टेपवर लावून सोबत ढोलकी वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. तसंच मग मी त्यावर गायचं. आमचे हे ट्रान्सपोर्टच्या गोदामात, अमरावती रोडचे सगळे ड्रायव्हर ओळखीचे. कॅसेट रुमालात बांधलेली जायची, रुमालात बांधलेली यायची.

खोलीत प्लग एकच. त्याला शेजारच्या रुखमाबाईंचा टेप लावला, भरण्यासाठी. ऐकण्यासाठी आमचा छोटा, सेलवरचा.

पहिली कॅसेट लावली. आधी ताई बोलली, जाड्या, बसक्या आवाजात. "मनू, काळी दोन धरली आहे वं. बाबाची पट्टी. चुकू नको."

ताईला सर्दी झालेली दिसते, मी म्हटलं. उन्हाळ्यात सर्दी!

काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. लहानपणी बाबा तीच दाबून धरायचे आणि आम्हा तिघांना 'सा' लावायला सांगायचे. ताईला शोधावा लागे, वसंताचा घसरे. मला झोपेतून उठवलं तरी लागायचा. बाकी काही असो-नसो, एवढं माझं होतं.

मी सा लावला. पेटी सुरू झाली. पेटी खाली होती.

मी थांबले. बटण दाबून पुन्हा मागे नेलं, पुन्हा लावला. पेटी खालीच. वेगळी पट्टी म्हणावी तर तशीही नाही, काळी दोनच्या जरा अलीकडे, कुठेतरी दोन पट्ट्यांच्या फटीत. ताई स्वतःच्या तोंडानं काळी दोन सांगते आहे आणि माझा सा बसत नाही. मग चूक कोणाची?

बबी झाल्यापासून मी एकदाही मोकळ्यानं गायले नव्हते. सात महिने. अंगाई म्हणजे काही गाणं नव्हे. बाळंतपणात केस जातात, दात हलतात असं ऐकलं होतं. कानही जातो का?

कसाबसा आवाज उतरवला, पेटीशी जुळवला आणि भरून पाठवला. गाणं पण कसं रेंगाळत चाललेलं. ढोलकी जणू उन्हात चालून थकली होती.

पाचव्या दिवशी रुमाल परत. ताईची सर्दी आणखी वाढलेली.

"काहून वं मनू, गाणं झोपवून टाकलं तू? पोरीले अंगाई म्हणून राहिली का? माझी पेटीही खाली ऐकू येऊन राहिली, मले तर काही समजून नाही राहिलं. इथं पेटी ठीक आहे. तुले वरचं झेपत नसन, तर हे काळी एकमध्ये वाजवून देऊन राहिली. तेही नाही जमलं तर जया म्हणन. पौर्णिमेले आठच दिवस राहिले."

जया म्हणजे वसंताची बायको. चांगली गाते. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते बाबांचं गाणं होतं आणि मधलं कडवं ते मला म्हणायला लावायचे.

नवी कॅसेट लावली तर पेटी पाताळात. खालचे स्वर लावायला गेले तर घशातून नुसती हवा. संध्याकाळी यांना विचारलं, "मी बेसूर झाले का हो?"

"मले काय समजते त्यातलं? ट्रकचा हॉर्न सुरात आहे का ते विचार," म्हणाले. मग माझं तोंड पाहून जवळ बसले. "थकली आहेस तू. जयाले म्हणू दे ना या बारीले."

मी रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं म्हणून बसले. दुसऱ्या ओळीलाच बबी उठली आणि रडायला लागली. रुखमाबाईंचा टेप तसाच भरत राहिला. मी तिला मांडीवर घेतलं, पण ती काही राहीना. एका हातानं थापटत, काय भरलं गेलं बघावं म्हणून ती कॅसेट काढून आमच्या टेपवर लावली.

टेपमधून कोणीतरी कण्हू लागलं. म्हातारा माणूस, जुलाबानं बेजार झालेला. मी दचकले. हा कोण? खोलीत तर कोणी नव्हतं.

मांडीवर बबी टाहो फोडत होती, बारीक, टोकदार. टेपमध्ये म्हातारा कण्हत होता. दोघं श्वास घ्यायला एकाच ढंगानं थांबत होते, तोच हुंदका, तीच उचकी.

ती बबीच होती.

मी आधी बबीकडे पाहिलं, मग टेपकडे. मग टेपच्या पाठीवरचं झाकण उघडलं. चार सेल. वरचा कागद उन्हानं पांढरा पडलेला. आमच्या घरात सेल कधी संपत नाहीत. सासूबाईंपासूनची रीत, संपला की छपराच्या टिनावर वाळत घालायचा, कुरड्यांच्या शेजारी. नागपूरच्या उन्हात दोन दिवस तापला की परत चालतो. चालतोच! आवाजही मोठा येतो. म्हणून तर सेलांवर संशय आला नाही. पण टेपची चाल मंद होते, आणि चाल मंद झाली की ताईला सर्दी होते, पेटी खाली जाते, ढोलकी थकते. कान माझा गेला, असं मी समजून बसते.

खरंच गेला नव्हता? सेल वाईट, म्हणून कान चांगला, असं थोडंच असतं.

बबीला कडेवर घेऊन गोदामात गेले. यांना हाक मारली. "नवे सेल आणा. चार. आत्ता."

"टिनावर आहेत ना वाळलेले."

"ते कुरड्यांसोबत तळा."

शेजारचे हमाल हसले. हे गेले आणि आणलेही.

पहिली कॅसेट लावली, पण बटण दाबलं नाही. आधी डोळे मिटले. बबी माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, कोणीतरी "आनं दो, आनं दो" ओरडत होतं. त्या सगळ्यात मी सा लावला. भीत भीत. लावून धरला आणि तो न सोडता बटण दाबलं.

ताई बोलली, तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. मग पेटी आली. आली ती सरळ माझ्या सुरावर येऊन बसली, बाबा बोट ठेवायचे तशी.

माझा सा तिथेच हलला, पण तो रडण्यानं.

पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि गायले. मधल्या कडव्यात बबीनं टाळ्या वाजवल्या, तालाच्या बाहेर. तेही भरलं गेलं. गाणं संपल्यावर टेप बंद करायच्या आधी मी ताईला सांगितलं, "जयाले सांग, पुढच्या गाण्याले तूच. आन् ताई, तुझी सर्दी बरी झाली वं."

आता ती तिकडे गोंधळून राहिली असेल. राहू दे एक दिवस.